मालक गेला, कारभार किती बदलला? वॉशिंग्टन कमांडर्सचं प्रकरण

२० जुलै २०२३ रोजी एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या, संघमालकांनी एका विक्रीला एकमताने मंजुरी दिली. डॅन स्नायडर यांनी १९९९ साली ८० कोटी डॉलरना घेतलेला वॉशिंग्टनचा संघ जॉश हॅरिस यांच्या गटाने ६०५ कोटी डॉलरना विकत घेतला. मालकाने संघ विकला म्हणून शहराने आनंद साजरा करावा, असं अमेरिकेतही क्वचितच घडतं. इथे घडलं. दुसऱ्या दिवशी मेरिलंडमधल्या स्टेडियमवर मेळावा भरला. सामना नसताना लोक मरून-सोनेरी जर्सी घालून आले.

त्यानंतर तीन हंगाम झाले. पहिला जुन्याच माणसांच्या हाती गेला. दुसरा, २०२४ चा, १२ विजय आणि ५ पराभवांचा. संघ सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडे पोहोचला. तिसरा, २०२५ चा, ५ विजय आणि १२ पराभवांचा. मालक तोच, संघ निवडणारा जनरल मॅनेजर तोच, हेड कोच तोच, आणि आकडे बरोबर उलटे. मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. संघाचं मुख्यालय आणि सरावाची मैदानं इथल्या अ‍ॅशबर्नला आहेत आणि आजूबाजूला मराठी घरंही पुष्कळ आहेत. आमच्याकडच्या मुलांसाठी हा संघ २०२४ मध्येच सुरू झाला. ऑफिसातल्या पन्नाशीच्या सहकाऱ्यांसाठी तो १९९१ मध्ये थांबला होता. जुना कारभार आणि नवा कारभार यांची तुलना हा इथल्या जेवणाच्या टेबलावरचा कायमचा विषय झाला आहे, आणि २०२५ च्या पडझडीनंतर ती तुलना कडवट होऊ लागली आहे.

माझं म्हणणं असं की विजय-पराभवाच्या आकड्यांवर ही तुलना करायला गेलं तर एकाच कारभाराबद्दल दोन परस्परविरोधी निकाल हाती येतात. निर्णय तपासावे लागतात: तो कोणी घेतला, त्या वेळी काय माहिती होती, त्यासाठी उद्याचं काय गहाण पडलं, आणि चुकल्यावर जबाबदारी कोणी घेतली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. खेळाडूंच्या पगारावर सगळ्यांना एकच कमाल मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात, त्यामुळे श्रीमंत मालक मनाला येईल तसे खेळाडू विकत घेऊ शकत नाही. दर वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट'मध्ये फेरीफेरीने होते आणि सगळ्यांत वाईट कामगिरीच्या संघाला पहिली संधी मिळते. प्रत्येक संधीला पिक म्हणतात आणि ती पुढच्या वर्षांचीसुद्धा दुसऱ्या संघाला देता येते. ड्राफ्टमधून आलेला तरुण खेळाडू पहिली काही वर्षं ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर खेळतो. म्हणजे चांगला पिक हा दुहेरी फायदा: खेळाडू मिळतो आणि कॅपमध्ये जागाही उरते. पैसा सगळ्यांना सारखा आणि नियम सारखे, त्यामुळे संघासंघांत खरा फरक पडतो तो फ्रंट ऑफिसमुळे, म्हणजे मालक, जनरल मॅनेजर, खेळाडू हेरणारे स्काउट आणि कॅपचा हिशेब सांभाळणारे लोक यांच्यामुळे.

ज्याच्याशी तुलना होते तो काळ

जुने फॅन्स जेव्हा 'पूर्वीचा कारभार' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात स्नायडरपूर्वीचा काळ असतो. मालक जॅक केंट कुक, कोच जो गिब्ज, जनरल मॅनेजर बॉबी बेथर्ड आणि त्यांच्यानंतर चार्ली कॅसर्ली. १९८२, १९८७ आणि १९९१ या तीन हंगामांत तीन सुपर बोल, आणि तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळा. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. तो बदलूनही जेतेपद येत राहिलं, हे त्या फ्रंट ऑफिसचं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र आहे. शहरातल्या जुन्या आरएफके स्टेडियममध्ये प्रेक्षक उड्या मारायचे तेव्हा स्टँड अक्षरशः हलायचे, आणि सीझन तिकिटाची जागा लोक वारशात देत.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी लागते. बेथर्ड स्वतः पहिल्या फेरीचे पिक सहज देऊन टाकायचे. आपल्या फॅन्समध्ये आज 'पिक देणं म्हणजे पाप' असं एक समीकरण झालंय, ते त्यांच्या काळाला लागू पडत नाही. फरक असा की ते पुढच्या फेऱ्यांमधून, कधी ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेल्यांमधून, माणसं शोधून आणत. 'हॉग्ज' या नावाने गाजलेल्या त्यांच्या फळीतला जो जेकबी कोणीच न निवडलेला खेळाडू होता आणि रस ग्रिम तिसऱ्या फेरीतला. दुसऱ्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं, हा भरवसा असेल तर पिक देणं परवडतं.

स्नायडर यांची चोवीस वर्षं

कुक १९९७ मध्ये वारले. संघ त्याच वर्षी मेरिलंडमधल्या लँडओव्हरच्या नव्या स्टेडियमात गेला आणि १९९९ मध्ये ३४ वर्षांच्या स्नायडर यांच्या हाती आला. ते स्वतः या संघाचे लहानपणापासूनचे फॅन. त्यांचं संघावर प्रेम नव्हतं असं मला वाटत नाही. पण फॅनला जे हवं असतं, म्हणजे मोठं नाव आणि तेही लगेच, तेच त्यांनी मालकाच्या खुर्चीत बसून केलं. २००० मध्ये डीऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ असे उतरत्या काळातले दिग्गज आणले. ७ विजय आणि ६ पराभव असताना, हंगाम संपायच्या आधीच, कोच नॉर्व्ह टर्नरना काढलं. पुढे मार्टी शॉटनहायमर एका वर्षात गेले, स्टीव्ह स्परियर दोन वर्षांत. गिब्जना निवृत्तीतून परत बोलावलं, मग जिम झॉर्न, माइक शॅनहन, जे ग्रुडन, रॉन रिव्हेरा. झॉर्न यांच्या वेळी, २००९ मध्ये, हंगाम चालू असतानाच डावपेच पुकारण्याचं काम त्यांच्याकडून काढून शर्म लुइस यांना दिलं. लुइस निवृत्त होते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात बिंगोचे आकडे पुकारत होते. त्यांच्या जुन्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे. पण व्यावसायिक संघाची निर्णयाची साखळी कुठवर तुटली होती, ते यातून समजतं.

त्याच वर्षी बचावपटू अल्बर्ट हेन्सवर्थ यांना सात वर्षांचा, १० कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार दिला, त्यातले ४ कोटी १० लाख हमीचे. कोचने आखलेल्या पद्धतीत खेळायला त्यांची तयारी नव्हती. दोन हंगामांनंतर ते पाचव्या फेरीच्या एका पिकवर दुसरीकडे गेले.

सगळी बेरीज मांडायची तर चोवीस हंगामांत १६४ विजय, २२० पराभव, २ बरोबरी. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमध्ये, सहा वेळा प्रवेश आणि तिथे फक्त दोन विजय. पण या काळाचा स्वभाव कळायला मला दोन प्रकरणं पुरेशी वाटतात.

पहिलं २०१२ चं. क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन यांना घेता यावं म्हणून ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर जायचं ठरलं. त्यासाठी रॅम्स संघाला त्या वर्षीचा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचा पिक, शिवाय २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक दिले. पहिल्या वर्षी ग्रिफिन लीगचे सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरले, संघाने १० सामने जिंकून आपला गट जिंकला, सगळं शहर वेडं झालं. जानेवारी २०१३ मध्ये घरच्या मैदानावर सिअ‍ॅटलविरुद्धचा प्लेऑफ सामना होता. गुडघा आधीच दुखावलेला. पहिल्या क्वार्टरपासून ते लंगडताना टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं, मैदानाची अवस्था वाईट होती, तरी त्यांना खेळत ठेवलं. चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू उचलायला वळताना गुडघा गेला. नंतर कोच, खेळाडू आणि डॉक्टर यांची सांगणी एकमेकांशी जुळेनात. ग्रिफिन पूर्वीसारखे कधीच खेळू शकले नाहीत आणि २०१६ मध्ये त्यांना सोडून देण्यात आलं.

डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स लँडओव्हरला खेळायला आले. नाणेफेकीसाठी त्यांनी सहा कर्णधार पाठवले: वॉशिंग्टनने दिलेल्या त्या पिकांमधून मिळालेले सहा खेळाडू. सामना रॅम्सनी २४-० असा जिंकला. ज्यांनी तो दिवस स्टँडमध्ये बसून काढला आहे त्यांना आजही 'फर्स्ट राउंड पिक' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. त्याच हंगामाच्या शेवटी संघाचे प्रमुख ब्रूस अ‍ॅलन यांनी मैदानाबाहेर आपण जिंकतो आहोत, अशा अर्थाचं विधान केलं. हंगामाचा निकाल होता ४ विजय, १२ पराभव.

दुसरं प्रकरण ट्रेंट विल्यम्स यांचं. २०१० मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेले विल्यम्स लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू सांभाळणारे. लागोपाठ सात वर्षं त्यांची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, निवड झाली. त्यांच्या डोक्यावर एक गाठ होती. ती साधी असल्याचं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं त्यांचं म्हणणं. ती कर्करोगाची निघाली. संघाच्या वैद्यकीय विभागावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि २०१९ चा हंगाम ते खेळले नाहीत. कारभाऱ्यांनी त्यांचा विश्वासही परत मिळवला नाही आणि किंमत येत असताना त्यांना दुसऱ्या संघाकडेही जाऊ दिलं नाही. शेवटी एप्रिल २०२० मध्ये, अ‍ॅलन गेल्यानंतर, पाचव्या आणि तिसऱ्या फेरीच्या पिकांवर ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथे पुढची कित्येक वर्षं देशातले पहिल्या प्रतीचे टॅकल म्हणून खेळले. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रंट ऑफिसात खेळाडूंचा विभाग सांभाळणाऱ्यांत एक नाव होतं अ‍ॅडम पीटर्स. ते पुढे येईल.

कर्क कझिन्स यांचंही थोडक्यात सांगतो, कारण त्याचा संबंध नव्या कारभाराशी येतो. २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षं त्यांना दीर्घ करार न देता एकेका वर्षाच्या महागड्या बंधनावर ठेवलं आणि २०१८ मध्ये ते मिनेसोटाला निघून गेले. आपल्या हाताने तयार केलेला क्वार्टरबॅक असा गेला.

या काळात चांगलं काहीच झालं नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चेंडू झेलणारा टेरी मॅक्लॉरिन २०१९ च्या तिसऱ्या फेरीत मिळाला. जॉनथन अ‍ॅलन आणि डेरॉन पेन हे बचावफळीचे आधारस्तंभ याच काळातले. स्काउटिंग विभागात जाणकार माणसं होती. त्यांचं मत शेवटपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती, हा दोष वरचा होता.

आणि मैदानाबाहेरचं? माझ्या लेखी तो पुरवणी विषय नाही. २००९ मध्ये स्टेडियममध्ये फलक आणायला बंदी घातली. मंदीच्या काळात सीझन तिकिटाचे हप्ते भरू न शकलेल्या शंभराहून जास्त लोकांवर खटले भरले. २०११ मध्ये टीकात्मक लेख छापणाऱ्या वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकावर स्नायडर यांनी खटला भरला आणि नंतर मागे घेतला. २०२० मध्ये संघाच्या कार्यालयात महिला कर्मचाऱ्यांना होणारा लैंगिक त्रास वृत्तपत्रातून बाहेर आला. चौकशीनंतर २०२१ मध्ये लीगने संघाला एक कोटी डॉलर दंड केला, आणि विक्रीच्या दिवशीच दुसऱ्या चौकशीचा अहवाल जाहीर होऊन स्नायडर यांना सहा कोटी डॉलर दंड झाला. जानेवारी २०२२ मध्ये सामना संपल्यावर स्टँडचा कठडा तुटून प्रेक्षक खाली, फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकच्या अगदी शेजारी कोसळले. एकेकाळी तिकिटाची प्रतीक्षायादी अभिमानाने मिरवणारा हा संघ २०२२ मध्ये सरासरी प्रेक्षकसंख्येत ३२ संघांत शेवटचा होता. आपल्याच घरच्या मैदानावर पाहुण्या संघाच्या घोषणा ऐकत बसणं म्हणजे काय, हे इथल्या फॅन्सना विचारावं.

३१ ऑक्टोबर २०२३

नव्या कारभाराचं मूल्यमापन बहुतेक जण २०२४ मध्ये आलेला क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स याच्यापासून सुरू करतात. मी ते ३१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू करतो.

हॅरिस यांच्या हाती संघ आला तेव्हा नवा हंगाम तोंडावर होता. त्यांनी रिव्हेरा यांना ठेवलं. रिव्हेरा कोच होतेच, खेळाडूंच्या निवडीतही अंतिम शब्द त्यांचा होता. हंगाम घसरत होता. खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा शेवटचा दिवस आला तेव्हा संघाने पहिल्या फेरीत मिळालेले समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारे आपले दोन्ही बचावपटू एकाच दिवशी देऊन टाकले: माँटेझ स्वेट शिकागोला दुसऱ्या फेरीच्या पिकवर आणि चेस यंग सॅन फ्रान्सिस्कोला तिसऱ्या फेरीच्या पिकवर. दोघांचेही करार संपत आले होते. स्नायडर यांच्या काळात असं होणं मला कल्पनेतही शक्य वाटत नाही. तेव्हा उरलेल्या हंगामासाठी, निदान तिकीटविक्रीसाठी, नावं धरून ठेवली असती. या वेळी चालू हंगाम सोडून देऊन पुढच्या माणसाच्या हाती भांडवल ठेवलं गेलं, आणि तो पुढचा माणूस कोण हे अजून ठरलेलंही नव्हतं. संघ ४ विजय आणि १३ पराभवांवर संपला. कोणताही फॅन तो हंगाम आठवत नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

जानेवारी २०२४ मध्ये रिव्हेरा गेले. निवडीसाठी हॅरिस यांनी बास्केटबॉलमधले बॉब मायर्स आणि मिनेसोटाचे माजी जनरल मॅनेजर रिक स्पीलमन यांना सल्लागार म्हणून घेतलं आणि आधी जनरल मॅनेजर नेमला, मग कोच. जनरल मॅनेजर म्हणून आले अ‍ॅडम पीटर्स, सॅन फ्रान्सिस्कोहून. कोच म्हणून आले डॅन क्विन. लोकांना डेट्रॉइटच्या आक्रमणाचे प्रशिक्षक बेन जॉन्सन हवे होते. ते डेट्रॉइटलाच थांबले आणि क्विन यांची निवड झाली तेव्हा निराशेचा सूर मोठा होता.

मग ड्राफ्ट. दुसऱ्या क्रमांकावर डॅनियल्स. स्वेट यांच्या बदल्यात आलेला पिक खालच्या फेऱ्यांच्या आणखी पिकांसह फिलाडेल्फियाला देऊन दुसऱ्या फेरीचे दोन पिक मिळवले, आणि त्यातल्या एकावर माइक सेनरिस्टिल मिळाला, जो पहिल्याच वर्षी बचावातला कायमचा खेळाडू झाला. यंग यांच्या पिकवर शंभराव्या क्रमांकावर लूक मॅकॅफ्री. सगळे यशस्वी झाले असं नाही. त्या दोनांपैकी दुसऱ्या पिकवर घेतलेल्या बेन सिनट यांच्याकडून अपेक्षा जास्त होती. शिवाय बॉबी वॅग्नर, झॅक अर्ट्झ, फ्रँकी लूव्हू, ऑस्टिन एकलर असे अनुभवी लोक छोट्या करारांवर घेतले. ही माणसं खेळापुरतीच नव्हती. ज्या इमारतीत चार वर्षांत संघाची तीन नावं झाली, तिथे सराव कसा करायचा हे शिकवायला कोणीतरी लागतंच.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोविरुद्ध शेवटच्या सेकंदाला डॅनियल्सने ५२ यार्डांचा फेकलेला चेंडू घोळक्यातून उडून नोआ ब्राउनच्या हातात पडला आणि सामना १८-१५ असा फिरला. आमच्या गल्लीत त्या क्षणी तीन-चार घरांतून एकाच वेळी आरडाओरडा ऐकू आला. प्लेऑफमध्ये टँपा बेला २३-२० हरवलं, जानेवारी २००६ नंतरचा प्लेऑफमधला पहिला विजय. मग डेट्रॉइटला त्यांच्याच घरी ४५-३१. फिलाडेल्फियाने ५५-२३ असं थांबवलं, पण तोवर लोकांनी मनाने हॅरिस-पीटर्स-क्विन यांना देवघरात बसवलं होतं.

उलटे आकडे

पीटर्स यांनी त्यानंतर जोर लावला. नोव्हेंबर २०२४ मध्येच तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फेरीचे पिक देऊन बचावपटू मार्शन लॅटिमोर आणले होते. ते अपेक्षेला उतरले नाहीत. २०२५ मध्ये ह्यूस्टनहून लेफ्ट टॅकल लॅरेमी टन्सिल आले, त्यासाठी २०२५ चा तिसऱ्या फेरीचा आणि २०२६ चा दुसऱ्या फेरीचा पिक गेला, शिवाय खालच्या फेऱ्यांचे काही. पाचव्या फेरीच्या पिकवर चेंडू झेलणारे डीबो सॅम्युएल आले. ३६ वर्षांचे बचावपटू व्हॉन मिलर आले. वॅग्नर आणि अर्ट्झ पस्तिशीत. संघ लीगमधल्या सर्वांत वयस्क संघांपैकी एक झाला. आणि मॅक्लॉरिनचा करार उन्हाळाभर रखडला. तो ऑगस्टच्या अखेरीस झाला, तोवर सराव शिबिर बुडालं होतं.

दुखापतींनी संघ पोखरला हे खरं. पण दुखापती वयस्क संघाला जास्त होतात, हेही कोणाला नवीन नव्हतं. इथे जुने फॅन्स म्हणतात, 'बघा, पुन्हा २०००.' मला ही तुलना अर्धीच पटते. वयस्क नावांवर भिस्त ठेवणं ही चूक सारखीच आहे. पण सॅम्युएल पाचव्या फेरीत मिळाले, मिलर छोट्या करारावर. पुढची वर्षं बांधणारा हेन्सवर्थसारखा करार यात नाही. टन्सिल महाग पडले, पण तरुण क्वार्टरबॅकच्या पाठीशी पक्का लेफ्ट टॅकल हवा, आणि विल्यम्स गेल्यापासून ती जागा कधी नीट भरलीच नव्हती. मॅक्लॉरिनबाबत मात्र मी पीटर्स यांच्या बाजूने उभा राहणार नाही. संघाच्या सगळ्यांत वाईट वर्षांत ज्याने तक्रार न करता खेळ केला, त्याला उन्हाळाभर ताटकळत ठेवायला नको होतं. कझिन्ससारखं तो गेला नाही, एवढंच समाधान.

आणि मग २ नोव्हेंबर २०२५. पुन्हा लँडओव्हर, पुन्हा सिअ‍ॅटल. डॅनियल्स गुडघा आणि मांडीच्या दुखापतींमुळे मधले सामने चुकवून परतलेला. चौथ्या क्वार्टरमध्ये धावफलक ३८-७ असा, सामना केव्हाच गेलेला, तरी तो मैदानात होता. गोललाइनजवळ पडताना डावा कोपर निखळला. ज्यांनी २०१३ चा गुडघा पाहिला होता त्यांना दुसरं काही आठवणं शक्यच नव्हतं. दोघेही हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, विजेते, दोघेही दुसऱ्या क्रमांकाचे पिक, दोघेही सर्वोत्तम नवोदित, मैदान तेच, पाहुणा संघ तोच.

खेळाडूला वाचवण्याच्या बाबतीत इथे नव्या कारभाराने जुन्याचीच चूक केली. मी तर म्हणेन जास्त मोठी केली, कारण २०१३ चा सामना निदान प्लेऑफचा होता आणि हातातून गेलेला नव्हता. पुढे जे झालं त्यात फरक दिसला. क्विन यांनी निर्णय आपला होता आणि चुकला, हे उघडपणे मान्य केलं. डिसेंबरमध्ये डॅनियल्स परतला, पुन्हा दुखलं, तेव्हा उरलेल्या हंगामासाठी त्याला बसवलं. हंगाम संपल्यावर आक्रमण आणि बचाव दोन्हींचे मुख्य प्रशिक्षक बदलले. जनरल मॅनेजर आणि हेड कोच कायम राहिले. स्नायडर यांच्याकडे १२ पराभवांनंतर काय झालं असतं, ते आपण एकाहून जास्त वेळा पाहिलेलं आहे.

फॅन्स काय म्हणतात, आणि मी कुठे उभा आहे

माझ्या ओळखीत तीन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, स्नायडर गेले हेच पुरे, हरलो तरी चालेल. हा सूर मी समजू शकतो, पण तो धोक्याचा आहे. शेजारच्या फिलाडेल्फियात याच हॅरिस यांच्याकडे बास्केटबॉलचा ७६र्स संघ आहे आणि तिथल्या लोकांच्या तोंडून त्यांच्याबद्दल वेगळं ऐकायला मिळतं. चायनाटाउनच्या कडेला नवं अरीना बांधण्याच्या त्यांच्या बेताला तिथल्या रहिवाशांनी नेटाने विरोध केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो सोडून देण्यात आला. मालक आधीच्यापेक्षा बरा आहे म्हणून त्याच्याकडे हिशेब मागायचा नाही, असं होत नाही.

दुसरा म्हणतो, सगळे सारखेच, २०२४ हा डॅनियल्सचा चमत्कार होता. यात तथ्याचा अंश आहे. क्वार्टरबॅकने पुष्कळ झाकलं. त्याच्याशिवाय २०२५ चा संघ उघडा पडला आणि संघबांधणी वाटली तितकी खोल नव्हती हे दिसलं.

तिसरा सूर आरएफकेचा. जुन्या जागेवर, शहराच्या हद्दीत, सुमारे ६५,००० आसनांचं छत असलेलं स्टेडियम २०३० मध्ये उभं करण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आणि सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने त्याला मान्यता दिली. संघ सुमारे २७० कोटी डॉलर घालणार, शहर १०० कोटींहून जास्त. वडिलांबरोबर आरएफकेला गेलेल्या माणसांचे डोळे यावर भरून येतात आणि कारभाराच्या बाकीच्या चुका त्यांना लहान वाटतात. स्नायडर असते तर शहराने त्यांच्याशी असा करार केला नसता, हे मला मान्य आहे. पण शहराचा पैसा शाळांचा आणि बसचाही असतो, आणि जे लोक कधी सामना पाहायला जाणार नाहीत तेही तो भरणार आहेत. या मुद्द्यावर फॅन म्हणून आनंद आणि रहिवासी म्हणून काळजी, दोन्ही मला एकाच वेळी वाटतं.

नवा कारभार मला जुन्यापेक्षा निश्चित चांगला वाटतो. त्याचं कारण १२-५ हे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी लोकप्रिय नसलेला आणि बरोबर निर्णय घेतला, जनरल मॅनेजर आधी आणि कोच नंतर हा क्रम पाळला, आणि मालकाने खेळाडू निवडण्यात हात घातल्याचं अजून तरी दिसलेलं नाही. २०२५ चे ५-१२ त्यांच्याच खात्यावर मांडले पाहिजेत. ते दुखापतींच्या नावावर किंवा स्नायडर यांच्या वारशाच्या नावावर टाकू देऊ नयेत.

आता परीक्षा पीटर्स यांच्या स्काउट्सची आहे. संघ तरुण करायचा आहे, आणि २०२६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीचा पिक त्यांच्याकडे नाही; तो टन्सिलच्या बदल्यात ह्यूस्टनला गेलेला आहे. बेथर्ड यांना जे जमायचं, म्हणजे खालच्या फेऱ्यांमधून माणसं काढणं, ते या ऑफिसला जमतं का, हे ड्राफ्टच्या तीन दिवसांत कळू लागेल.